चौसष्ट नंबरची जागा

सोमवारी सकाळी साडेसातला लाइल ब्रँडव्होल्डनं फिल्मच्या खोलीचं दार ढकललं, तेव्हा संघाची फिल्म चालवणारी व्हर्ना पेल्की पडद्यासमोर पाय पसरून केळं खात बसली होती.

“आलास? मला वाटलं, आज तरी उशिरा येशील. आख्खं पोर्ट हॅलवर्ड अजून झोपलंय. काल जिंकल्यावर माझ्या गल्लीत एक म्हातारा उघड्या अंगानं बर्फात नाचत होता. पोटावर तुझं तोंड रंगवलेलं. खरं सांगू? तुझ्यापेक्षा बरं दिसत होतं.”

“लाव,” लाइल म्हणाला.

“‘कशी आहेस व्हर्ना’ असं विचारायची पद्धत आहे जगात.”

“कशी आहेस व्हर्ना. लाव.”

त्याच्याशी असं बोलायची छाती त्या गावात फक्त व्हर्नाचीच. बाकीच्यांसाठी तो कोच ब्रँडव्होल्ड होता. एकोणीस वर्षं डॉकर्सचा, म्हणजे गावाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा, मुख्य कोच, दोनदा देशाचा विजेता! पावाच्या पिशवीवर त्याचा फोटो होता, पुलाला त्याचं नाव होतं, आणि भाज्या टाकून देणाऱ्या पोरांना आया सांगायच्या, कोच बघताहेत हं. आता आणखी दोन सामने जिंकले की तिसरं विजेतेपद. पहिला याच रविवारी, घरच्याच मैदानावर, टल्साविरुद्ध.

आणि हा माणूस सोमवारी सकाळी फिल्म बघायला असा बसायचा, जसा दुसरा कोणी डॉक्टरच्या खोलीबाहेर बसतो.

व्हर्नानं बटण दाबलं. उंचावरून घेतलेलं चित्र, खाली मुंग्यांएवढे बावीस खेळाडू. पुढच्या फळीत पाच धिप्पाड गडी खाली वाकलेले, मधल्याच्या हाताखाली चेंडू. त्याच्या डाव्या हाताला उभा असतो तो डावा गार्ड. लोक त्याच्याकडे बघत नाहीत. टीव्हीवाले त्याचं नाव घेतात ते फक्त त्याच्या हातून चूक झाली तर. पण चेंडू घेऊन पळणाऱ्याला जी फट मिळते ती त्याच्या खांद्यानं पाडलेली असते, आणि सगळे सामने त्या फटीतूनच जिंकले जातात.

डॉकर्सचा डावा गार्ड होता इसाया तुइलेता. बावीस वर्षांचा, सामोआ बेटांवरचा, खांदे असे की दारातून तिरकं यावं लागायचं.

लाइलनं मोजायला सुरुवात केली. तो दर सोमवारी मोजायचा. एक, दोन, तीन... दहा, अकरा.

बारा.

बारावा तिथंच होता. चौसष्ट नंबर. डॉकर्समध्ये चौसष्ट नंबर घालणारा कोणीच नव्हता, कित्येक वर्षांत नव्हता. जुन्या पद्धतीचा जाड शर्ट, हेल्मेटला पुढे एकच आडवा दांडा, आणि पायाखालचं बर्फ किंचित तांबूस. तो नेहमी डाव्या गार्डला खेटून उभा असायचा, खांद्याला खांदा लावून. चेंडू सुटला की काय सुंदर उठायचा तो! आणि समोरची भिंत फाटायची.

पण आज तो खेटून उभा नव्हता.

“मागे घे,” लाइल म्हणाला. “पुन्हा. थांबव.”

चौसष्ट नंबर इसायाच्या आत उभा होता. एका अंगावर दुसरं अंग ठेवावं तसा. इसायाच्या एकाहत्तर आकड्यातून त्याचा सहा आणि चार दिसत होते, ओल्या कागदातून मागच्या पानावरचं दिसावं तसे.

“व्हर्ना, आपली किती माणसं आहेत मैदानात?”

व्हर्नानं केळ्याची साल टेबलावर ठेवली. “एकोणीस वर्षं झाली लाइल. एकोणीस वर्षं तू मला हा प्रश्न विचारतोयस, आणि एकोणीस वर्षं मी मोजून सांगतेय. अकरा. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलास, तो म्हणाला गरुडाचे आहेत. मग डोक्याच्या डॉक्टरकडे का जात नाहीस?”

“जिंकतोय ना आपण?”

“जिंकतोय म्हणून तर कोणी तुला वेडा म्हणत नाही.”

लाइल हसला नाही. हे एकावर एक उभं राहणं त्यानं याआधी चार वेळा पाहिलं होतं. पहिल्यांदा हॉइटच्या बाबतीत, तेव्हाचा डावा गार्ड. पुढच्या रविवारी हॉइटचा गुडघा उलटा फिरला. मग मार्सेलस, त्याचा खांदा. तिसऱ्या वेळी लाइलनं शहाणपणा केला. ब्रँको त्या रविवारी खेळलाच नाही, त्याला कडेला बसवला. तर पळणाऱ्यांचा लोंढा सीमारेषा ओलांडून थेट त्याच्यावर येऊन आदळला, आणि घोट्याचे तीन तुकडे. आणि चौथा कोल प्रूइट. त्याची मान. कोल आज चालतो, बोलतो, नाताळला कार्डही पाठवतो. पण शर्टाची बटणं त्याला बायको लावून देते.

दर वेळी सोमवारी लाइलला दिसलं होतं, आणि दर वेळी तो गप्प बसला होता. सांगणार तरी काय, आणि कोणाला? शिवाय, आणि हे तो स्वतःलासुद्धा फार हळू आवाजात सांगायचा, गार्ड जायबंदी झाला की डॉकर्स हरत नसत. उलट चौसष्ट नंबरला मग पूर्ण जागा मिळायची. दोन्ही विजेतेपदं तशीच आली होती.

तो कोण आहे, हे लाइलला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

सदतीस वर्षांपूर्वी लाइल चोवीस वर्षांचा होता आणि डॉकर्समधलं सगळ्यात हलकं काम त्याच्याकडे होतं. ऑगस्टमध्ये एका कॉलेजच्या वसतिगृहात सरावाचं शिबिर भरायचं. नव्वद पोरं यायची, पंचेचाळीस उरायची. कोणाला काढायचं ते मुख्य कोच रात्री ठरवायचे, आणि सकाळी साडेसहाला लाइल यादी घेऊन निघायचा. बोळातून चालत जायचं, दार ठोठावायचं, आणि एवढंच म्हणायचं, ‘कोच बोलावताहेत. वही घेऊन या.’ वही म्हणजे चालींची वही. ती खाली ऑफिसातला कारकून परत घ्यायचा, कोच भेटतसुद्धा नसत; वही गेली की माणूस संपला. पोरं त्याला कावळा म्हणायची. पहाटेपासून आख्खा मजला जागा असायचा, श्वास रोखून, त्याचे बूट कुठल्या दारापाशी थांबतात ते ऐकत.

या कामाचे दोन नियम होते. नाव घ्यायचं नाही आणि डोळ्यांत बघायचं नाही. नाव घेतलं की माणूस बोलायला लागतो, डोळ्यांत बघितलं की रडायला लागतो. म्हणून यादीत नावं नसायचीच, फक्त खोलीचा आणि पलंगाचा नंबर.

खोली दोनशे सतरा, खिडकीकडचा पलंग.

लाइलनं दार ठोठावलं, जमिनीकडे बघत वाक्य म्हटलं, आणि खिडकीकडच्या पलंगावरून एक पोरगा उठला. एक शब्द बोलला नाही. कोणीच बोलत नसे. वही घेतली, बॅग भरली, गेला. त्याच्या आदल्याच रात्री दोनशे सतरातल्या दोघांनी पलंग बदलले होते, कारण एकाला उकडत होतं! हे लाइलला अकरा वाजता कळलं, सरावाच्या मैदानावर जेव्हा काढायचा होता तो गार्ड दात काढत पळताना दिसला. ज्याला ठेवायचं होतं तो, चौसष्ट नंबर, आर्वो लेहटिनेन, उत्तरेच्या लोखंडाच्या खाणींकडे जाणाऱ्या बसच्या थांब्यावर बसला होता. बस बारा वाजता सुटायची. गाडीनं थांबा दहा मिनिटांवर.

लाइल मुख्य कोचकडे गेला. ते उकडलेली अंडी खात होते. “गेला तो गेला,” ते म्हणाले. “गार्ड काय, गार्डसारखा गार्ड असतो. आणि तू हे चार ठिकाणी बोललास ना, तर उद्या तुझं दार मी स्वतः ठोठावीन.”

लाइल बोलला नाही. बारा वाजले.

नोव्हेंबरमध्ये पेपरात चार ओळी आल्या. उघड्या खाणीत मातीचा कडा कोसळला, एक कामगार ठार, नाव आर्वो लेहटिनेन, वय बावीस. उत्तरेकडची माती लाल असते, बूट, कपडे, माणसं, सगळं लाल करून टाकणारी.

मुख्य कोच झाल्यावर लाइल पहिले पाच सामने ओळीनं हरला. पेपरवाले त्याच्या जागी कोण येणार याच्या पैजा लावत होते. सहाव्या सोमवारी त्यानं फिल्म लावली, मोजलं, आणि बाराच्या आकड्यावर त्याचं बोट थिजलं. तो सामना डॉकर्स जिंकले होते. त्यानंतर ते फार कमी वेळा हरले.

बुधवारी सराव संपल्यावर इसाया लाइलच्या खोलीत आला, तिरका होऊन, हातात झाकण लावलेलं भलंमोठं भांडं.

“कोच, आईनं पाठवलंय. सापासुई. विमानानं आलंय बघा, तिच्या मांडीवर बसून! रविवारी सामन्याला पण ती येणारे. म्हणते, तुमचे कोच किती वाळलेत, टीव्हीवर हाडं दिसतात.”

“बस, इसाया.”

“बसलो. पण खुर्ची मोडली तर पगारातून कापू नका.”

लाइलनं भांड्याचं झाकण उघडलं, शेवयांचा आणि आल्याचा वास आला, त्यानं झाकण पुन्हा लावलं. “रविवारी तुला बसवायचं म्हणतोय.”

इसायाच्या चेहऱ्यावरचं हसू पडलं. “मी काय केलं?”

“काही नाही केलंस.”

“मग असं बोलू नका ना कोच! आई येतेय. मामा येताहेत सात जण. सातांना सात सीट पुरत नाहीत, चौदा तिकिटं काढलीत मी. माझ्या उजव्या पायाचं म्हणताय का? तो बराय. बघा, बघा.” आणि तो खरंच खुर्चीवरून उठून एका पायावर उड्या मारायला लागला. भिंतीवरच्या फ्रेमा खडखडल्या.

“बस रे बाबा, बस. घर पाडशील.” लाइलला हसू आलं आणि लगेच गेलं. ब्रँकोला बसवलं होतं, त्याचं काय झालं? बसवून हा वाचणार नव्हता. “मला एक सांग. मैदानावर... तुला काही वेगळं वाटतं का? डाव्या बाजूला?”

इसाया आधी हसला. मग त्यानं दाराकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली.

“तुम्हाला कोणी सांगितलं? मी तर कोणालाच बोललो नाही. मला वाटलं, डूगन माझी मस्करी करतोय.” डूगन म्हणजे फळीतला मधला गडी. “चेंडू सुटायच्या आधी एक क्षण सगळं गप्प होतं ना कोच, तेव्हा माझ्या कानाशी कोणीतरी बोलतं. रागानं नाही हां. बसमध्ये शेजारचा बोलतो तसं.”

“काय बोलतं?”

“‘सरक जरा.’” इसायानं हाताची बोटं एकमेकांत घातली. “एवढंच. महिनाभर झाला. आणि कोच, गंमत सांगू? मी सरकतो. मला कळायच्या आत माझं अंग सरकतं. मागच्या रविवारी तर असं झालं की धक्का मी मारतोय पण मी तिथं नाहीच. सामना संपल्यावर बूट काढले तर मोज्यात लाल माती. आपलं मैदान तर प्लास्टिकचं!”

लाइल उठून खिडकीशी गेला आणि जमिनीकडे बघत राहिला, कारण त्याला इसायाकडे बघवत नव्हतं. आणि जमिनीकडे बघत उभं राहण्याची आपली ही सवय किती जुनी आहे, हे त्याच्या ध्यानात आलं.

“मी खेळणार ना कोच?”

“खेळशील.”

“बघा हां! आईला सांगू?”

“सांग.”

रविवारी दुपारी बर्फ पडत होतं. साठ हजार लोक, प्रत्येकाच्या तोंडातून वाफ, जणू आख्खं मैदान एका भल्यामोठ्या जनावराच्या तोंडात धरलं होतं. इसायाची आई आपल्या सात भावांसह दहाव्या रांगेत होती आणि तिचा आवाज भोंग्यालाही भारी होता.

चौसष्ट नंबर लाइलला आजवर फक्त फिल्मवर दिसला होता. मैदानावर, उघड्या डोळ्यांनी, कधीच नाही. त्या दिवशीही तीन तास दिसला नाही. सामना अटीतटीचा झाला. शेवटची अकरा सेकंदं उरली तेव्हा टल्सा एकवीस, डॉकर्स सतरा. चेंडू डॉकर्सकडे, रेषेपासून फक्त दीड यार्डावर; रेषा ओलांडली की सहा गुण आणि सामना खिशात. चौथा आणि शेवटचा प्रयत्न. खेळ थांबवायची मुभा, टाइमआउट, एकही शिल्लक नाही. दीड यार्ड म्हणजे काय, एक मोठं माणूस आडवं पडलं तरी पोचतं!

“डावीकडून घुसवू,” हेडसेटमध्ये वरच्या खोलीतून त्याचा साहाय्यक ओरडला. “इसायाच्या मागून. दुसरं काही नको लाइल, डोळे मिटून जाईल.”

“घुसवा,” लाइल म्हणाला.

फळी वाकली. साठ हजार लोक गप्प झाले.

आणि लाइलला तो दिसला.

कडेच्या बाकाकडून तो सावकाश चालत आला, लाइलच्या इतक्या जवळून की जाड शर्टाची सळसळ ऐकू आली. कोणाचीच नजर त्याच्यावर नव्हती. ताज्या बर्फावर त्याची पावलं तांबडी उमटत होती. तो फळीपाशी पोचला, इसायाच्या डाव्या बाजूला वाकला, आणि त्याचं हेल्मेट इसायाच्या कानाशी गेलं.

इसाया सरकला. बोटभर. मग आणखी बोटभर. मग चौसष्ट नंबर त्याच्यात शिरायला लागला, आधी खांदा, मग पाठ, आणि इसायाची मान विचित्र कोनात खाली गेली, एखाद्यानं वरून दाबावी तशी. कोल प्रूइटची मान फिल्मवर अशीच गेली होती. समोरून टल्साचे तीन गडी, प्रत्येकी दीडशे किलो, उडी घ्यायला टपलेले.

दीड यार्ड. तिसऱ्या विजेतेपदाचा सामना दीड यार्डावर होता. गप्प बसणं लाइलला चांगलं जमायचं, सदतीस वर्षांचा सराव होता.

“थांबवा!” तो ओरडला. त्यानं हेडसेट फेकलं आणि सीमारेषेवरच्या पंचाचा हात धरला. “शिट्टी वाजव! बारा माणसं आहेत! आमची बारा आहेत!”

पंच इतका दचकला की शिट्टी आपोआप वाजली.

मुख्य रेफरी ओडेल स्टॅम्पर पळत आला. पंधरा वर्षं एकमेकांना ओळखणारी माणसं ती. “लाइल, हे काय चाललंय?”

“मोज.”

ओडेलनं मोजलं. ते त्याचं कामच होतं, प्रत्येक चालीआधी तो मोजायचाच. “अकरा. अरे, टाइमआउट संपले म्हणून ही युक्ती? तू? या वयात शाळकरी लबाडी करतोस? लाज वाटत नाही?”

“नजरेनं नको मोजू. हात लावून मोज. प्रत्येकाच्या हेल्मेटला हात लाव. अकरा निघाले तर हवा तो दंड ठोक, मला बाहेर काढ. पण हात लावून मोज, ओडेल. तुझ्या पाया पडतो.”

साठ हजार लोक आता ओरडत होते. ओडेलनं मान हलवली, पुटपुटला, आणि केवळ त्या म्हाताऱ्याचे डोळे बघून परत फळीकडे गेला. मागच्या तिघांपासून सुरुवात केली. हेल्मेटवर हात ठेवायचा, आकडा म्हणायचा. एक. दोन. तीन. मग बाजूचे. मग फळी, दोन्ही टोकांकडून आत येत. डूगनच्या हेल्मेटवर तो दहा म्हणाला. इसायाच्या हेल्मेटवर अकरा.

तो परत वळणार होता. पण हात पुढे गेलाच होता, इसायाच्या डावीकडच्या फटीत, रिकाम्या हवेत.

तिथं तो थांबला. काहीतरी थंडगार आणि कडक त्याच्या तळव्याला लागलं. ओडेलनं हात मागे घेतला, तळवा उघडला, बघितला. तळवा लाल झाला होता. तेव्हा त्यानं एवढंच केलं, दुसऱ्या हातानं खिशातला दंडाचा पिवळा रुमाल काढला आणि बर्फावर टाकला.

“मैदानात बारा माणसं,” तो माइकमध्ये म्हणाला. “पाच यार्ड दंड. जादा माणसानं... जादा माणसानं बाहेर जावं.”

नियम म्हणजे नियम. खेळाडू कितीही मोठा असो, रुमाल पडला की जातो. चौसष्ट नंबर सरळ उभा राहिला. त्यानं एकदा इसायाकडे, एकदा समोरच्या रेषेकडे बघितलं, आणि मान खाली घालून बाहेर चालत आला.

इसायानं मान वर केली, झटकली, खांदे फिरवले. झोपेतून उठल्यासारखा.

पाच यार्ड मागे. दीडचे साडेसहा झाले. आता घुसून भागणार नव्हतं, फेकावंच लागलं. चेंडू उंच गेला, बर्फात दिसेनासा झाला, आणि टल्साच्या माणसाच्या हातावर आपटून खाली पडला. संपलं.

त्यानंतर जे झालं ते बघवत नव्हतं. हेडसेट जमिनीवर पडूनसुद्धा किंचाळत होतं. दहाव्या रांगेतून कोणी पाव फेकला, त्याच्याच फोटोची पिशवी होती. मालकांचा माणूस येऊन कानात सांगून गेला, “साहेब वर थांबलेत. आत्ता. आजपासून वेगळा विचार करावा लागेल म्हणताहेत.” इसाया ढसाढसा रडत पळत आला आणि त्यानं लाइलला गच्च धरलं.

“कोच, बारावा कोण होता? का केलंत असं? जिंकलो होतो आपण!”

“मान कशी आहे?”

“मानेला काय झालंय!”

“हलव. दोन्हीकडे.”

त्यानं रडत रडत हलवली. दोन्हीकडे.

“जा,” लाइल म्हणाला. “आई थांबलीय.”

मग मैदान रिकामं होत गेलं. बाकावर, अगदी टोकाला, चौसष्ट नंबर बसला होता, हात मांडीवर ठेवून, बसची वाट बघत बसावं तसा. लाइल गेला आणि शेजारी बसला. खालून जमिनीचा गारवा, बाजूनं लोखंडाचा वास.

“आर्वो,” तो म्हणाला.

हेल्मेट वळलं. आत बावीस वर्षांचा चेहरा होता, नुसता, साधा, पापण्यांवर लाल धूळ. लाइलनं नजर खाली जाऊ दिली नाही. फार कठीण गेलं, पण नाही जाऊ दिली.

“त्या दिवशी तुला बोलावलं नव्हतं. शेजारच्या पलंगाला बोलावलं होतं. चूक माझी. अकरा वाजता मला कळलं, तू बारापर्यंत थांब्यावर होतास. मी आलो नाही.”

“म्हणजे,” आवाज आला, हळू, शेजारच्या सीटवरून यावा तसा, “मी वाईट नव्हतो?”

“नाही.”

“मला वाटलं, वाईट होतो म्हणून काढलं. म्हणून मी दाखवत होतो. माझ्या जागेवर उभं राहून दाखवत होतो.”

“ती जागा आता त्या पोराची आहे, आर्वो. त्याच्याआधी आणखी चौघांची होती. ते मोडले. ते तुझ्यामुळं नाही मोडले, मला दिसत होतं आणि मी बोललो नाही, त्यामुळं मोडले.”

आर्वोनं आपल्या हातांकडे बघितलं. उलटे केले, सुलटे केले. बोगद्याच्या तोंडातून व्हर्ना ओरडत होती, लाइल, वर बोलावताहेत, कुणाशी बोलत बसलायस तिथं, थंडीनं मरशील! तो उठला नाही.

“मग चांगला होतो?” आर्वोनं विचारलं.

“चांगला होतास.”

“किती?”

आणि लाइलनं, ज्यानं एकोणीस वर्षांची प्रत्येक सोमवारची फिल्म दोन-दोनदा मागे घेऊन बघितली होती, ज्याला या माणसाचं प्रत्येक पाऊल पाठ होतं, हातमोजे काढले आणि बोटावर मोजत सांगायला सुरुवात केली. सहावा आठवडा, पहिलं वर्ष, दुसरी चाल. तुझा डावा पाय आधी निघाला, आणि समोरच्याला कळलंसुद्धा नाही.